टायमिंग बेल्ट: बसवताना मार्क जुळले, दोन फेऱ्यांनंतर अर्धा दात मागे

तिसरा_गिअर
गाडी ह्युंदाई ॲक्सेंट १.५ पेट्रोल, एसओएचसी (वर एकच कॅमशाफ्ट). टायमिंग बेल्ट (पिस्टनच्या क्रँकवरून वॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारा दातेरी पट्टा), तो ताणून धरणारा टेन्शनर, क्रँकचे पुढचे सील आणि कॅमचे सील नवे. मॅन्युअलप्रमाणे कॅम पुलीचे भोक हेडवरच्या (सिलिंडरवरच्या झाकणावरच्या) खुणेसमोर आणि क्रँकच्या दातेरी पुलीची खूण ऑइल पंपाच्या खुणेसमोर घेऊन बेल्ट चढवला. तेव्हा दोन्ही अचूक होते. मग खालचे कव्हर आणि बाहेरची पुली बसवली, हाताने दोन फेऱ्या दिल्या आणि पुलीची खाच कव्हरवरच्या ‘टी’ (टीडीसी, म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला) समोर आणून पाहिले, तर कॅमचे भोक खुणेच्या अलीकडे, डावीकडे, साधारण अर्धा दात. शिवाय बेल्टवर मारलेल्या पांढऱ्या रेषा कुठल्या कुठे गेल्या आहेत. स्टार्टर अजून मारलेला नाही. सगळे पुन्हा उघडू का? सोसायटीच्या कंपाउंडमध्ये काम चालू आहे, सेक्रेटरींनी रविवारपर्यंत मुदत दिली आहे.

टॉर्कताई
स्टार्टर मारला नाहीत हे उत्तम. आता मारूही नका.

पांढऱ्या रेषांची काळजी सोडा. त्या फक्त बेल्ट चढवताना कामाच्या. समजा बेल्टला १०५ दात आहेत आणि क्रँकच्या पुलीला २०. दोन फेऱ्यांत बेल्ट ४० दात पुढे सरकतो, म्हणजे रेषा पुलीवरच्या जागी परत येणारच नाही. ४० आणि १०५ यांचा लसावि ८४०, म्हणजे या आकड्यांना क्रँकच्या ४२ फेऱ्यांनंतर रेषा पुन्हा जुळेल. तुमच्या बेल्टचे दात मोजून हाच हिशेब करा. पाहायचे ते पुलीचे मार्क, बेल्टचे नाही.

आता अर्ध्या दाताकडे. बेल्ट चुकला तर पूर्ण दाताने चुकतो. दात खाचेत बसतो किंवा बसत नाही, अर्धा बसून राहण्याची सोय त्यात नाही. त्यामुळे अर्धा दात दिसला की आधी बेल्टवर नाही, मोजण्यावर संशय घ्यायचा.

पान्हा_दहाबारा
ताईंशी सहमत, पण एक शक्यता राहते. क्रँक आपण ‘जवळपास’ जुळलेला धरतो आणि कॅमही ‘जवळपास’. पूर्ण एका दाताची चूक दोघांत वाटली जाते आणि दोन्हीकडे अर्धा अर्धा दिसते. म्हणून आधी क्रँक शंभर टक्के मार्कावर, मग फक्त कॅम पाहायचा.

हिशेब असा: कॅमच्या पुलीला क्रँकच्या दुप्पट दात असतात, कारण क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक. क्रँकला २० आणि कॅमला ४० धरले तर कॅमचा एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश, क्रँकचे १८. कॅमवर अर्धा दात दिसायला क्रँक फक्त ९ अंश चुकलेला पुरतो. बाहेरच्या पुलीचा व्यास १४० मिमी असेल तर कडेला हे ९ अंश म्हणजे ११ मिमी. म्हणजे ‘टी’ समोर खाच पाहताना मान वाकडी करून एवढी चूक होणार नाही, पण खाचच खोटी असेल तर होईल.

तिसरा_गिअर
खाच खोटी म्हणजे?

पान्हा_दहाबारा
बाहेरच्या पुलीला आत हब आणि बाहेर कडे असते, मधे रबर. जुन्या पुलीत ते रबर सुटते आणि कडे हबवरून थोडे फिरते. खाच कड्यावर, चावी (पुलीला क्रँकवर अडकवणारी खुंटी) हबमध्ये. कडे सरकले की खाच काहीही सांगते. तुम्ही बेल्ट चढवताना दातेरी पुलीची खूण वापरलीत, तपासताना मात्र बाहेरच्या पुलीची. दोन वेगळे साक्षीदार. माझे मत, पहिला खरे बोलतोय.

मधलाडबा
मला वाटते हेड मागे कधी तरी घासले असेल. हेड खाली आले की कॅम मागे पडतो. असे ऐकले आहे.

टॉर्कताई
ऐकलेले अर्धे खरे आहे. हेड घासल्यावर कॅम आणि क्रँकमधले अंतर कमी होते आणि कॅम किंचित मागे पडतो. पण किती? हेड ०.३ मिमी घासले तर ताणाच्या बाजूचा फरक तेवढाच, फार तर. बेल्टच्या दोन दातांमधले अंतर ८ मिमी किंवा ९.५२५ मिमी. म्हणजे एका दाताचा पंचविसावा-तिसावा भाग. डोळ्याला दिसणार नाही. अर्ध्या दातासाठी हेड चार-पाच मिमी घासावे लागेल. तेवढे घासले तर टायमिंगच्या आधी पिस्टनच वॉल्व्हला भेटेल.

लोअरपरळकर
आणखी एक नेहमीचा घोळ: मार्क ओलांडून पुढे गेलात आणि उलटे फिरवून परत आलात का? बेल्टकडे तोंड करून उभे राहा. घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या इंजिनात बेल्टची उजवी बाजू क्रँक खाली ओढतो, ती ताणाची बाजू. डावी ढिली, म्हणून टेन्शनर तिकडे. उलटे फिरवले की डावी ताणली जाते आणि उजवीकडे ढील जमा होते. मार्क पाहायचा तो नेहमी पुढे फिरवत येऊन, थांबून. ओलांडला तर उलटे येऊ नका, आणखी दोन फेऱ्या मारा. कंटाळा येतो, पण पुन्हा उघडण्यापेक्षा बरा.

तरी उलटे फिरवल्यावर कॅम सहसा पुढे राहतो, मागे नाही. तुमचा मागे आहे. तेव्हा हे कारण तुमच्याकडे बसत नाही असे दिसते.

तिसरा_गिअर
उलटे फिरवले नाही. पुढेच फिरवत आणले, प्लग चारही काढलेले आहेत.
एक मूलभूत प्रश्न: क्रँकचा मार्क दर फेरीला येतो. मी कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर होतो की एक्झॉस्टच्या, हे कसे कळणार? ३६० अंश चुकलो तर?

पान्हा_दहाबारा
चुकूच शकत नाही. क्रँकला स्ट्रोक कळत नाही, पिस्टन वर आला एवढेच त्याला माहीत. कॉम्प्रेशन की एक्झॉस्ट हे वॉल्व्ह ठरवतात, म्हणजे कॅम. कॅम त्याच्या मार्कावर आणि क्रँक त्याच्या मार्कावर असला की झाले. अर्ध्या फेरीची भानगड डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या यंत्राच्या) गाड्यांत येते, आणि तिथेही ती डिस्ट्रिब्युटरच्या बाजूची.

टॉर्कताई
आता खरा टीडीसी शोधा, म्हणजे पुलीची खाच खरी की खोटी हे कळेल. स्क्रू ड्रायव्हर प्लगच्या भोकात घालून ‘वर आला, आता थांबला’ असे करू नका. टीडीसीजवळ पिस्टन जवळजवळ हलतच नाही. तुमच्या इंजिनाचा स्ट्रोक ८३.५ मिमी आहे. टीडीसीपासून ५ अंश इकडेतिकडे गेले तरी पिस्टन सुमारे ०.२ मिमी खाली येतो. ते हाताला समजणार नाही, आणि कडक स्क्रू ड्रायव्हर अडकला तर पिस्टनवर ओरखडा नक्की.

असे करा. पहिल्या सिलिंडरच्या भोकात विणकामाची ॲल्युमिनियमची जाड सुई, वर मोठा मणी किंवा गाठ, आत पडणार नाही अशी. पुलीच्या कडेवर कागदी चिकटपट्टी गुंडाळा, कव्हरवर एक बाण चिकटवा.

पिस्टन वर येताना, अगदी वरच्या टोकाच्या सुमारे १० मिमी खाली असेल तिथे थांबा. सुईवर भोकाच्या कडेशी पेनाने रेष. पट्टीवर बाणासमोर पहिली खूण. आता पुढे फिरवत राहा. पिस्टन वर जाईल, मग खाली येईल. सुईवरची रेष पुन्हा त्याच जागी आली की थांबा, पट्टीवर दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मधोमध टीडीसी.

याची गंमत अशी की १० मिमी खाली पिस्टन चांगला वेगात असतो, अंशाला अर्धा मिमीच्या पुढे. त्यामुळे सुई वाचताना अर्धा मिमी चुकलात तरी चूक एखाद्या अंशाची. प्लगचे भोक तिरके असले तरी चालते, फक्त सुई दोन्ही वेळेला त्याच कोनात धरा. आणि सगळे पुढेच फिरवायचे आहे, लोअरपरळकरांचा नियमही मोडत नाही.

इंजिनबाधा
वाचतोय. एक शंका: इतके करण्यापेक्षा पुली काढून दातेरी पुलीचा मार्क बघितला तर?

टॉर्कताई
तेही बरोबर आहे, आणि शेवटी करायचेच आहे. पण क्रँक बोल्ट पुन्हा सोडायचा, पुन्हा घट्ट करायचा, त्याआधी कारण कळलेले बरे. शिवाय ही युक्ती आली की ज्या गाडीत मार्कच पुसलेले आहेत तिथेही काम भागते.

लोअरपरळकर
क्रँक बोल्टाचा विषय निघालाच आहे. ॲक्सेंटला १४० ते १५० न्यूटन मीटर. ५० सेंमीचा दांडा असेल तर टोकाशी साधारण २८ ते ३० किलोचा जोर. टॉर्क पाना नसेल तर घ्या, मशीद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतो. घेताना ४० ते २०० चा घ्या, लहान बोल्टांसाठी वेगळा. मोठ्या पान्याच्या तळाच्या आकड्यांवर विश्वास ठेवून टेन्शनरचा बोल्ट ओढला की आटे गेले समजा.

सोडताना गाडी पाचव्या गिअरमध्ये, ब्रेक दुसऱ्याने दाबून. टॉमी (पान्याचा लांब दांडा) चेसिसला अडकवून स्टार्टर मारायची पद्धत चालू गॅरेजमध्ये दिसते. पाना उडाला की काय होते ते गॅरेजच्या पत्र्यावर दिसते.

उजवीकडचे माउंटिंग काढताना जॅक सरळ संपवर (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्यावर) लावू नका, मधे लाकडाची फळी. संप चेपला की ऑइल पंपाची जाळी खालून बंद होते.

मुंग्यांचा_रस्ता
टेन्शनर कुठला? स्प्रिंगवाला दोन बोल्टचा असेल तर क्रम महत्त्वाचा आहे, इथे बरेच जण चुकतात.

तिसरा_गिअर
हो, स्प्रिंगवाला. एक बोल्ट लांब खाचेत, एक बिजागराच्या बाजूला.

मुंग्यांचा_रस्ता
मग असे. दोन्ही बोल्ट सैल, स्प्रिंगला तिचे काम करू द्या. हाताने ढकलून टेन्शनर ताणायचा नाही, स्प्रिंगचा ताण हाच हिशेबाचा ताण आहे. मग क्रँक पुढे फिरवा, कॅमची पुली दोन दात पुढे जाईपर्यंतच. याने कॅमचे लोब (उंचवटे) वॉल्व्हच्या स्प्रिंगांवर चढतात, कॅम मागे ओढू लागतो, उजवी बाजू ताठ होते आणि सगळी ढील टेन्शनरकडे जाते. त्याच जागी आधी खाचेतला बोल्ट घट्ट, मग बिजागराचा. २० ते २७ न्यूटन मीटर.

उलट केलेत, म्हणजे बिजागराचा बोल्ट आधी आवळला, तर टेन्शनरचा ब्रॅकेट बोल्टाबरोबर फिरतो आणि बेल्ट नको इतका घट्ट होतो. मग गाडी चालू झाल्यावर शिट्टीसारखा घूं आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो, आणि टेन्शनरचे बेअरिंग लवकर जाते.

तपासायचे कसे: टेन्शनर आणि ताणाची बाजू हाताने साधारण ५ किलोच्या जोराने एकमेकांकडे दाबा. बेल्टच्या दाताचे टोक टेन्शनरच्या बोल्टच्या डोक्याच्या मध्यापासून डोक्याच्या अर्ध्या त्रिज्येवर आले पाहिजे. जास्त आत आले तर सैल, आलेच नाही तर घट्ट. अंगठा-बोटाने पिळून पाव फेरी फिरतो का पाहण्याची पद्धत लोक सांगतात, पण कुणाची बोटे किती जोराची त्यावर ती अवलंबून.

रिव्हर्सलाइट
माझ्याकडे जुनी होंडा सिटी आहे, १.५, २००३ च्या आधीची. तिलाही हीच पद्धत चालेल का?

मुंग्यांचा_रस्ता
तत्त्व तेच, पण थांबा! ते इंजिन उलटे फिरते. बेल्टकडे तोंड केले तर घड्याळाच्या विरुद्ध दिशेने. लोअरपरळकरांनी सांगितलेली उजवी-डावी तिथे अदलाबदल होते. बेल्ट बसल्यावर पाच-सहा फेऱ्या घड्याळाच्या विरुद्ध दिशेने, टीडीसीवर आणायचे, टेन्शनरचा बोल्ट अर्धी फेरी सैल, मग कॅमची पुली तीन दात पुढे, आणि तिथे आवळायचा. पुलीवर पांढरी खूण टीडीसीची, लाल खूण इग्निशन टायमिंगची. लालवर टीडीसी धरलात की आजच्या धाग्याचा प्रश्न तुमच्याकडेही येईल.

मधलाडबा
आणि डस्टर डिझेल? १.५ डीसीआय?

टॉर्कताई
त्यात मार्कावर विसंबून काम करू नका, पिना लावा. क्रँकला ब्लॉकमध्ये स्क्रू करायची पिन, कॅम पुलीच्या भोकातून हेडमध्ये जाणारी पिन. क्रँक पिनेला अलगद टेकेपर्यंत आणायचा, पिनवर जोर देऊन बोल्ट सोडायचा नाही, पिन तुटते किंवा ब्लॉकला भोक पडते. क्रँकचे टोक, दातेरी पुलीचे भोक आणि पुलीच्या टेकायच्या जागा थिनर किंवा ब्रेक क्लीनरने तेलाचा अंश न ठेवता पुसा. तिथे तेल राहिले तर दाब असूनही पुली घसरते, आणि ते घसरणे वॉल्व्ह वाकेपर्यंत कळत नाही. वॉटर पंप त्या बेल्टवरच आहे, म्हणून पंपही बदला. ॲक्सेंटमध्ये पंप फॅनबेल्टवर, तिथे गळती नसेल तर सक्ती नाही.

डस्टर १.६ पेट्रोल तर आणखी वेगळी. कॅमच्या पुली चावीशिवाय बसतात, मागच्या टोकांच्या खाचांत पट्टी घालून कॅम धरावे लागतात, आणि त्या खाचा मध्यरेषेच्या खाली येतात, वर नाहीत. पट्टी नसेल तर ते काम घरी नको.

पान्हा_दहाबारा
स्कोडा लॉराचे १.९ पीडी डिझेलही पिनांचेच. तिथे ताण देताना कॅम पुलीचे तीन बोल्ट सैल ठेवतात, म्हणजे पुली हबवर थोडी सरकू शकते, आणि ताण दिल्यावर २५ न्यूटन मीटरने आवळतात. नंतर स्कॅनरवर टॉर्शन व्हॅल्यू (कॅम आणि क्रँकमधला फरक) शून्याजवळ आहे का पाहायचे. क्रँकची दातेरी पुली गोल की लंबगोल त्यावर क्रँक लॉकचे टूल वेगळे, चुकीचे टूल बसवायला जाऊ नका.

इंजिनबाधा
बेल्ट तुटलेला असेल तर? तेव्हा मार्क जुळवताना कॅम फिरवला तर वॉल्व्ह पिस्टनला लागणार नाही का?

पान्हा_दहाबारा
लागेल. म्हणून चार सिलिंडरमध्ये आधी क्रँक टीडीसीपासून ९० अंशांवर घ्या. चारही पिस्टन मधे येतात, कुणीही वर नसतो. मग कॅम मार्कावर आणा, आणि शेवटी क्रँक टीडीसीवर. क्रँक जवळच्या बाजूने, कमीत कमी फिरवून.

तीन सिलिंडरमध्ये हा ९० अंशांचा मंत्र चालत नाही. तिथे क्रँक १२० अंशांनी विभागलेले. पहिला ९० वर घेतला की एक पिस्टन टीडीसीच्या फक्त ३० अंश अलीकडे राहतो. पहिला ६० वर घ्या, मग एक तळाला आणि दोन टीडीसीपासून ६० अंश. चाराची सवय असलेले मेकॅनिक इथेच वाकवतात.

तुटलेल्या बेल्टनंतर नवा बसवून ‘चालते का बघू’ हेही नको. आधी हाताने फेरी, मग प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन. एक-दोन सिलिंडर पडले असतील तर वॉल्व्ह वाकले, हेड उतरवा. चारही सारखेच कमी असतील तर बहुधा कॅम मागे पडला आहे: इनटेक वॉल्व्ह उशिरा मिटतो, हवा परत जाते.

मुंग्यांचा_रस्ता
आणि कॅम पुढे असेल तर कॉम्प्रेशन उलट थोडे जास्त दिसते, गाडी खाली ओढते, पण वरच्या आरपीएमला मरते. एका दाताने मागे असेल तर चालू होते, सिग्नलवरून उठत नाही, पेट्रोल पिते. ज्या गाड्यांत कॅम सेन्सर आहे तिथे पी००१६ (कॅम आणि क्रँकचा मेळ नाही) कोड येतो. तो कोड आला की लोक सेन्सर बदलतात. सेन्सर बिचारा खरेच सांगत असतो.

तिसरा_गिअर
सुईने मोजले. दोन खुणांचा मधला बिंदू घेतला, तर पुलीची खाच खऱ्या टीडीसीच्या आधीच ‘टी’ समोर येते. कडेवर १० मिमीच्या थोडे पुढे. मधल्या बिंदूवर क्रँक आणला तर कॅमचे भोक हेडच्या खुणेसमोर, सरळ. पुलीचे रबर हाताने दाबले तर एका बाजूला भेगा आहेत.

टॉर्कताई
झाले. तरी पुली काढाल तेव्हा दातेरी पुलीची खूण ऑइल पंपासमोर बघून घ्या, कारण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. पुली नवी लागेल. जुन्या पुलीवर नवी खाच मारून भागवू नका, रबर सुटलेले कडे उद्या आणखी सरकेल, आणि फॅनबेल्टही वाकडा चालेल.

लोअरपरळकर
ऑपेरा हाऊसच्या दुकानांत मिळेल. जुनी पुली सोबत न्या, फॅनबेल्टच्या खाचा मोजून घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडची वापरलेली पुली या कामाला नको, तिच्या रबराचे वय कुणाला माहीत.

रिव्हर्सलाइट
अवांतर: बेल्ट बदलायची वेळ किलोमीटरवर की वर्षांवर? गाडी घर ते अंधेरी, वर्षाला जेमतेम ५००० किमी.

मुंग्यांचा_रस्ता
मॅन्युअलमध्ये जे आधी येईल ते. मुंबईत मात्र वर्षेच आधी येतात. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर तासाभरात १२ किमी गेलात तर इंजिन तासभर फिरले, मीटर १२ च दाखवतो. रबराला उष्णता आणि तास कळतात.

पाणी साचले त्या दिवसानंतर वेगळे बघा. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, कुठेही बंपरपर्यंत पाण्यातून गेलात तर खालच्या कव्हरच्या फटीतून गढूळ पाणी आत जाते. वरचे कव्हर काढा. बेल्टच्या पाठीवर वाळलेला मातीचा थर, दातांच्या मुळाशी बारीक चिरा, किंवा टेन्शनर हाताने फिरवताना खरखर, यातले एकही दिसले तर थांबू नका. तेल दिसले तर आधी गळके सील बदला, मग बेल्ट. उलट क्रमाने केले तर नवा बेल्टही वर्षभरात फुगतो. आणि नवा बेल्ट पिशवीतून काढल्यावर घडी घालू नका, उलटा वळवू नका. आतले धागे तुटतात, वरून काही दिसत नाही.

तिसरा_गिअर
पुली काढली. दातेरी पुलीची खूण ऑइल पंपासमोर, कॅमचे भोक हेडच्या खुणेसमोर. टेन्शनर बिजागराकडून आधी आवळला होता, तो सैल करून मुंग्यांचा_रस्ता यांच्या क्रमाने पुन्हा लावला, आधीपेक्षा बेल्ट थोडा मऊ लागतो आहे. दोन-दोन करत सहा फेऱ्या दिल्या, मार्क तिथेच. नवी पुली शनिवारी. तोवर प्लगच्या भोकांत कापडाचे बोळे कोंबून ठेवले आहेत.

टॉर्कताई
बोळे मोजून घ्या. चार घातलेत, चार निघाले पाहिजेत.